‘नाही’ म्हणता यावे यासाठी : मराठवाड्यात विषमतेवरचे आरोग्य संशोधन करताना

ऊसतोडीच्या टोळीतली बाई, तांड्यावरची बाळंतीण, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा, पालावरचे पारधी कुटुंब. आरोग्यातली विषमता मोजायला निघालेला अभ्यासक मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शेवटी याच दारांशी येऊन थांबतो. अडचण अशी, की जी विषमता तो मोजायला आलेला असतो तीच त्याच्या आणि समोरच्या माणसाच्या मध्ये अंथरलेल्या सतरंजीवर आधीच येऊन बसलेली असते. एका बाजूला पदवी, टॅब आणि संस्थेचे ओळखपत्र असते. दुसऱ्या बाजूला हंगामाआधीच आगाऊ रकमेची उचल घेतलेली असते, शिधापत्रिकेतले नाव कधी कटेल याची धास्ती असते, आणि साहेब आला की ‘हो’ म्हणून मोकळे व्हायचे ही पिढ्यांची सवय असते. त्यामुळे अशा अभ्यासाची नैतिक बाजू संमतीपत्रावरच्या सहीने पूर्ण होत नाही. विषय निवडण्यापासून निष्कर्ष परत नेऊन सांगण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: या माणसाला, या जागी, या घडीला खरोखर ‘नाही’ म्हणता येईल काय?

पुढचे टिपण पदव्युत्तर विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते आणि गावोगाव माहिती गोळा करणाऱ्या चमूंचे पर्यवेक्षक यांच्यासाठी आहे. नियमांची पाठांतरे पुष्कळ झालेली असतात. ते नियम वस्तीवर कसे वागवायचे, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रश्न ठरवताना

जुन्या उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचे, एक उदाहरण प्रत्येक अभ्यासकाने नीट समजून घ्यावे. १९९९ पासून तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक फार मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या आणि गावांचे ५२ गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले होते. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशी तपासणारी पॅप चाचणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्यात केवळ ‘प्रचलित सेवा’. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या भागात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाल्याचे दिसले आणि चौथ्या भागात ६४. चाचणी एकदाच केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येऊ शकतात हे जगाला या जिल्ह्यातल्या बायकांमुळे कळले. पण त्याबरोबर एक कठीण वादही उभा राहिला. तपासणीने जीव वाचतात हे इतर देशांत ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे योग्य होते काय, असे टीकाकारांनी विचारले. जिथे तपासणीची सोयच नव्हती तिथे तुलनागटाकडून, म्हणजे चौथ्या भागाकडून, काही काढून घेतले गेले नाही, आणि ग्रामीण भारतात कोणती पद्धत चालेल हे या अभ्यासाविना कळले नसते, असे समर्थकांचे म्हणणे होते.

मला या वादातला सर्वांत बोलका शब्द ‘प्रचलित’ हा वाटतो. गावात काहीच मिळत नाही ही जी परिस्थिती, तीच ‘प्रचलित सेवा’ म्हणून आराखड्यात गेली की विषमता ही अभ्यासाची सोय होऊन बसते. म्हणून आराखड्यात हा शब्द लिहिताना त्याच ओळीत खुलासा करावा: त्या गावच्या उपकेंद्रात आठवड्यातून किती दिवस कोण असते, कोणती तपासणी प्रत्यक्ष होते, पुढची सोय किती किलोमीटरवर आहे आणि तिथवर जायला एसटी मिळते की खाजगी जीप करावी लागते. हे लिहिताना लाज वाटू लागली, तर आराखडा बदलण्याची वेळ तीच आहे.

विषय पक्का करण्याआधी ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्यांच्यात किमान दोनदा बसावे, आणि त्यातली एक बैठक फक्त बायकांची असावी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमधल्या रक्तक्षयावर काम करायचे म्हणून आम्ही एकदा वडवणी तालुक्यात अशा बैठकीला गेलो होतो. लोहाच्या गोळ्या, आहार, जंत असा सगळा तक्ता आमच्याकडे तयार होता. बायका मात्र ‘खाड्या’वर बोलत राहिल्या. दुखलेखुपले, पाळीत अंगावरून फार गेले, म्हणून एक दिवस कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, थांबले तर टोळी आणणारा मुकादम त्या दिवसाचा खाडा मांडून पैसे कापतो आणि तो नवरा-बायकोच्या अख्ख्या ‘कोयत्या’वर पडतो, हे त्यांचे मुख्य दुखणे होते. रक्तक्षयाच्या प्रश्नावलीत आम्ही विश्रांतीचा आणि खाड्याचा भाग घातला तो त्या दुपारनंतर. बैठक झाली नसती तर आमचे निष्कर्ष ‘आहाराविषयी अज्ञान’ या ठरीव वाक्यावर येऊन थांबले असते.

समितीकडे जाताना

मानवी सहभागींवरील संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे हा आपला मुख्य आधार आहे. त्यांनुसार एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीत, ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, निम्मे सदस्य तरी बाहेरचे असावेत आणि डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्राचा जाणकार व एक सामान्य नागरिक असावा. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम वेगळे लागू होतात. समितीची मंजुरी हातात येण्याआधी एकही मुलाखत घेऊ नये. मंजुरी मागील तारखेने मिळत नाही, आणि मिळवून देणारा कोणी भेटलाच तर त्याच्यापासून दूर राहावे. संस्थेची स्वतःची समिती नसेल तर नोंदणीकृत समिती असलेल्या दुसऱ्या संस्थेशी लेखी करार करून तिच्याकडे प्रस्ताव पाठवता येतो. छोट्या संस्थांना हा मार्ग पुष्कळदा माहीत नसतो.

‘फक्त प्रश्नावली आहे, सुई नाही, म्हणून जोखीम नाही’ असे प्रस्तावात लिहिण्याची पद्धत पडली आहे. ती सोडावी. गर्भाशय काढल्याची गोष्ट सासूच्या कानावर जाणे, नवऱ्याच्या दारूविषयी दिलेले उत्तर नवऱ्यापर्यंत पोचणे, मुकादमाविरुद्ध बोलली म्हणून पुढच्या हंगामाची उचल न मिळणे, या सगळ्या जोखमीच आहेत आणि त्या सुईपेक्षा खोल जातात. प्रत्येक प्रश्नापुढे ‘हे उत्तर कोणाच्या हाती पडले तर काय होईल’ असा एक रकाना करून तो प्रस्तावासोबत द्यावा. समितीतला सामान्य नागरिक शहरातला निवृत्त प्राध्यापकच असतो, हे माझे निरीक्षण. ऊसतोड केलेली एखादी बाई किंवा तांड्यावरची एखादी आशा आरोग्य कार्यकर्ती अशा प्रस्तावापुरती निमंत्रित म्हणून बोलवा, अशी विनंती अर्जदाराने स्वतः करायला हरकत नाही.

दाराशी कोणाबरोबर जावे

टोळीपर्यंत पोचायचा सोपा रस्ता मुकादमातून जातो. याद्या त्याच्याकडे, कारखान्याचा पत्ता त्याच्याकडे, आणि त्याने सांगितले की सगळे कामगार रांगेत येऊन बसतात. म्हणूनच तो रस्ता धोक्याचा आहे. दसरा-दिवाळीला उचल घेऊन बाहेर पडलेल्या कुटुंबाला मुकादमाने ‘साहेबाला माहिती द्या’ म्हटल्यावर नकार देता येत नाही. एकदा संध्याकाळी एका कारखान्याच्या अड्ड्यावर आमची सहकारी माहितीपत्रक वाचून दाखवत होती आणि मुकादम पलीकडे बाजेवर बसला होता. सगळे वाचून झाल्यावर तिने ‘तुमची तयारी आहे का’ असे विचारले, तेव्हा चुलीपुढच्या बाईने तिच्याकडे न बघता बाजेकडे बघितले आणि म्हणाली, “मुकादम हाव म्हणले तर हाव.” कागदावर ती संमती ठरली असती. आम्ही त्या दिवशी एकही फॉर्म भरला नाही.

मुकादमाला कळवावे, कारण त्याच्यापासून लपवलेल्या अभ्यासाचा त्रास पुढे कामगारांनाच होतो. पण निवड, संमती आणि मुलाखत या तिन्ही वेळी तो जवळ नसावा, आणि कोणी होकार दिला, कोणी नकार दिला हे त्याला कधीही सांगू नये. त्याहून बरे म्हणजे हंगामाबाहेर, पाडव्यानंतर लोक गावी परतल्यावर मुलाखती घेणे. तेव्हा बाई निदान स्वतःच्या उंबऱ्यावर असते.

आशाताईंचे प्रकरण अधिक नाजूक आहे. त्यांच्यावाचून गावात पाऊल पडत नाही आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वासही असतो. परंतु बाळाची लस, बाळंतपणाची गाडी, योजनेचा अर्ज हे सगळे ज्या ताईच्या हातून होते तिला ‘नको’ म्हणणे अवघड जाते. तेव्हा आशाताईंनी घर दाखवावे, ओळख करून द्यावी आणि निघून जावे. या कामाचे मानधन प्रकल्पातून द्यावे. त्यांच्या वेळेला किंमत नाही असे धरून चालणारा समतेचा अभ्यास विचित्रच म्हणायचा.

संमती घेताना

‘संशोधन’ हा शब्द वस्तीवर बहुतेकांना परका आहे आणि ‘सर्व्हे’ हा शब्द फार ओळखीचा आहे. सर्व्हे म्हणजे यादी, आणि यादी म्हणजे घरकुल, रेशन, अनुदान. माहितीपत्रक अर्धे वाचून झाल्यावर “म्हणजे घरकुलात नाव लागंल ना?” असा प्रश्न आला तर समजावे की आपण आतापर्यंत जे वाचले ते वाऱ्यावर गेले. म्हणून पहिलीच वाक्ये साध्या बोलीत अशी असावीत: ‘आम्ही सरकारकडून आलेलो नाही. यामुळे कोणत्याही यादीत तुमचं नाव लागणार नाही, आणि कुठल्या यादीतून कटणारही नाही. तुम्ही नको म्हणलात तरी दवाखान्यात तुम्हाला आधीसारखंच बघतील.’ मग विषय, वेळ, त्रास आणि फायदा सांगावा. फायदा नसेल तर तो नाही असेच सांगावे.

समजले का, असे विचारू नये. ‘हो’ याशिवाय उत्तर येत नाही. ‘घरी गेल्यावर जाऊबाईला आमच्याविषयी काय सांगाल?’ असे विचारावे. ती जे सांगेल त्यातून काय पोचले आणि काय राहिले ते कळते, आणि राहिलेले पुन्हा सांगता येते.

भाषेचा विचार मराठीपाशी थांबवू नये. तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याच्या सीमेवर कन्नड चालते. प्रमाण मराठीतले माहितीपत्रक तिथे कायद्यापुरते असते. भाषांतर केवळ कागदावर करून भागत नाही, कारण गोरमाटी वाचणारे थोडे आणि बोलणारे सगळे. त्या भाषेत ध्वनिमुद्रण करून ऐकवणे हा बरा उपाय आहे.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना वाचता येणारा निःपक्षपाती साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा आणि त्याचीही सही हवी. हा साक्षीदार आपल्याच चमूतला घेण्याची वाईट खोड सर्वत्र आहे. अंगठ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पारध्यांसारख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण हजेरी, नोंद आणि अंगठा यांची भीती पालावर अजून आहे. तिथे शाईचा डबा काढल्याबरोबर माणसे उठून जातात. सही हाच जोखमीचा भाग असेल तेव्हा तोंडी संमती आणि तिची साक्षीदारासमक्ष नोंद पुरेशी धरावी, अशी मागणी समितीकडे आधीच करता येते.

“मालकाला इचारा” हे उत्तर वारंवार येईल. नवऱ्याशी बोलायला हरकत नाही, बहुतेक वेळा ते करावेच लागते. मात्र नवऱ्याची परवानगी ही बाईची संमती होत नाही. नवरा ‘हो’ म्हणाल्यावर बाईला पुन्हा एकटीला विचारावे आणि तिने मान हलवली नाही तर ‘आज वेळ जुळत नाही’ असे आपणच म्हणून निघावे, म्हणजे नकाराचे ओझे तिच्यावर राहत नाही.

मृत्यू झालेल्या घरी जाताना घाई करू नये. शेतकरी आत्महत्येनंतर त्या घरात तलाठी, पोलीस, पुढारी आणि वार्ताहर सगळे येऊन गेलेले असतात आणि प्रत्येकाने ‘कर्ज किती होते’ एवढेच विचारलेले असते. मदतीच्या निर्णयाची वाट पाहणारी विधवा तुमच्या प्रश्नांना त्याच चौकशीचा भाग समजते. तो निर्णय होईपर्यंत थांबावे, आणि मुलाखतीआधी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समुपदेशकाशी बोलून ठेवावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक हाताशी असावाच, परंतु फोन नसलेल्या बाईला क्रमांक देऊन आपली जबाबदारी संपली असे समजू नये.

मजुरी आणि तपासणी

मुलाखतीसाठी बुडालेल्या वेळेची भरपाई द्यावी. तिची रक्कम त्या भागातल्या खुरपणीच्या मजुरीशी जुळणारी असावी, समितीने मंजूर केलेली असावी आणि बाईच्या हातात पडावी. एवढी मोठी नसावी की केवळ तिच्यासाठी माणूस नको ते सोसायला तयार होईल. पण ‘आमिष होईल’ या सबबीखाली काहीच न देणे हा कंजूसपणा आहे.

रक्त तपासायचे असेल तर निकालाचे काय करणार हे आधी ठरवावे. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली आले तर तो तीव्र रक्तक्षय आहे, आणि तो आकडा टॅबमध्ये भरून पुढच्या घरी जाणे हा गुन्हाच समजावा. त्याच दिवशी तिला आकडा सांगणे, चिठ्ठी देणे, प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करणे, वाहनाचा खर्च देणे आणि आठवड्याने पुन्हा चौकशी करणे, एवढे अंदाजपत्रकात धरलेले हवे. ऊसतोडीवर असलेल्या बाईसाठी कारखान्याच्या परिसरातले केंद्र कोणते, तेही पाहून ठेवावे.

अठरा वर्षांखालच्या मुली

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची तयारी दोन्ही लागतात. ७ ते १२ वयात तोंडी, त्यापुढे लेखी. पालकांच्या जागी मुख्याध्यापक किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाची सही चालवून घेऊ नये. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आजच्या तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या अर्जांवर अशा सह्या झाल्याचे उघड झाले, २०१० साली तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. टोळीबरोबर आईवडील गेलेले आणि मुलगी हंगामी वसतिगृहात, असे चित्र आपल्याकडे दरवर्षी असते, त्यामुळे ही चूक आपल्याकडून घडायला वेळ लागत नाही.

बालविवाहावर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की करावी. सतरा वर्षांची विवाहित गरोदर मुलगी समोर आली, तर मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवण्याचे बंधन आपल्यावर येते. ‘तुम्ही सांगाल ते कोणालाही कळणार नाही’ असे आश्वासन देऊन मग पोलिसांना कळवणे ही फसवणूक आहे. गोपनीयतेची ही मर्यादा माहितीपत्रकात आणि तोंडी, दोन्हीकडे प्रश्न सुरू करण्यापूर्वीच सांगावी, आणि अशा वेळी काय करायचे हे वकिलाच्या सल्ल्याने प्रस्तावातच लिहून घ्यावे.

नोंदी आणि लिखाण

विषमतेच्या अभ्यासात जात विचारावी लागते. ती आडनावावरून ताडू नये, शेजाऱ्यांसमोर विचारू नये, आणि ‘सांगायचे नाही’ हे उत्तर म्हणून मान्य करावे. माहिती गोळा करणाऱ्यांना दर फॉर्मामागे पैसे देऊ नयेत, रोजाने द्यावेत. फॉर्मावर पैसे लागले की झाडाखाली बसून फॉर्म भरले जातात, आणि नकार देणाऱ्या घरी तिसऱ्यांदा जाऊन गळ घातली जाते. नकारांची वही वेगळी ठेवावी आणि दर आठवड्याला पाहावी. तीनशे घरांत एकही नकार नसेल तर कौतुक करण्याआधी चमूला जवळ बसवून विचारावे.

नाव काढून टाकले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही. ‘कोयत्यावर जाणारी, २६ वर्षांची, गर्भाशय काढलेली, तीन मुली’ एवढे लिहून पुढे गावाचे नाव घातले, तर त्या गावातल्या पानटपरीवरही ती कोण हे सांगता येईल. छोट्या वस्तीचे निष्कर्ष तालुक्याच्या पातळीवर मांडावेत.

एका माणसाची ओळख लपली तरी समूहाला इजा होऊ शकते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. प्रश्न गंभीर होता आणि तो बाहेर येणे आवश्यक होते. पण ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव’ असा शिक्का ज्या गावांवर बसला, तिथल्या बायका पुढे कित्येक दिवस कोणी वही-पेन घेऊन आले की दार लोटून घेत. लिहिताना शस्त्रक्रिया कोणी सुचवली, कोणत्या दवाखान्यांत झाली, खाड्याच्या भीतीचा वाटा किती, हे आधी यावे. बायकांचे ‘अज्ञान’ हे शीर्षक कधीही करू नये.

परत जाणे

निष्कर्ष प्रबंधात जाण्याआधी वस्तीवर जावेत. त्यासाठी २६ जानेवारीची ग्रामसभा धरू नये, कारण तेव्हा निम्मा तांडा उसाच्या फडावर असतो. १५ ऑगस्टच्या आसपास सगळे गावी सापडतात. ग्रामसभेत एकदा आणि बायकांच्या बैठकीत वेगळे एकदा, चित्रांचे मोठे तक्ते घेऊन, त्यांच्या भाषेत सांगावे. ‘हे असे नाही’ असे कोणी म्हटले तर ते लिहून घ्यावे आणि प्रबंधात त्याला जागा द्यावी.

शेवटी एक लहान गोष्ट, जी सर्रास राहून जाते. माहितीपत्रकाच्या तळाशी अभ्यासकाचा आणि समितीच्या सचिवाचा फोन क्रमांक छापलेला असतो. प्रकल्प संपला की ते सिम बंद होते. हा क्रमांक अभ्यास संपल्यावरही किमान दोन वर्षे चालू ठेवावा, त्याच्या रिचार्जचे पैसे अंदाजपत्रकात घालावेत, आणि माहितीपत्रके वाटण्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून एकदा तो क्रमांक लावून पाहावा, म्हणजे पलीकडून कोण उचलते आणि कोणत्या भाषेत बोलते ते कळेल.